कथा संपली, खेळ उरला

ज्याने आयुष्यभर शाळेच्या वह्या तपासल्या, त्याला ‘आरंभशूर’ ह्या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. नव्या वहीची पहिली चार पाने वळणदार अक्षराने भरलेली, पाचव्यावर शाईचा डाग, आणि पुढे सारा कोरा कागद, हे दृश्य त्याच्या चांगल्या परिचयाचे असते. अशा माणसासमोर एखादे मूल हाती घेतलेले काम शेवटच्या कणापर्यंत तडीस नेऊ लागले, तर त्याने कौतुकच करावयास हवे. परंतु ते काम अभ्यासाचे नसून व्हिडिओ गेमचे असेल तर? ह्या महिन्यात ह्याच प्रश्नाचा थोडा विचार करण्याचे योजिले आहे.

‘लेगो’च्या विटा आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरी असतील. डेन्मार्कमधील बिलुंड ह्या गावी ओले किर्क क्रिस्तियानसेन नावाच्या सुताराने १९३२ साली हा खेळण्यांचा उद्योग आरंभिला. आरंभी खेळणी लाकडाची असत. एकमेकींत घट्ट बसणाऱ्या आजच्या प्लॅस्टिकच्या विटेचे पेटंट १९५८ सालचे. डॅनिश भाषेतील ‘चांगले खेळ’ अशा अर्थाच्या दोन शब्दांवरून ‘लेगो’ हे नाव साधिले आहे. आठ गुंड्यांच्या एकाच रंगाच्या अवघ्या सहा विटा ९१,५१,०३,७६५ प्रकारांनी जोडता येतात, असे गणित्यांनी मोजले आहे. ह्याच विटांची सृष्टी पडद्यावर उभी करून ‘लेगो मार्व्हल सुपर हीरोज’ हा खेळ २०१३ साली निघाला. त्यात मोटारी विटांच्या आणि माणसेही विटांचीच. डॉक्टर डूम नावाचा खलपुरुष विश्वातील दिव्य विटा हस्तगत करू पाहतो; हल्क, आयर्न मॅन, स्पायडर-मॅन आदी अतिमानुष वीर त्याच्या आड येतात. पंधरा अध्यायांत ही कथा समाप्त होते.

कथा समाप्त होते खरी, परंतु खेळ समाप्त होत नाही. खेळणारा विजयाच्या आनंदात असतानाच पडद्यावरील शेकड्याचा आकडा त्याला सांगतो की, अजून शंभर बरेच दूर आहेत. प्रत्येक अध्यायात दहा लहान वस्तू दडविलेल्या असतात आणि सोन्याच्या विटा तर एकूण २५० मिळवावयाच्या असतात. पहिल्या फेरीत ह्यांपैकी पुष्कळ गोष्टी हाती येऊच शकत नाहीत, कारण कथेने नेमून दिलेल्या वीरांपाशी लागणारी शक्ती नसते. धातू हलवावयास मॅग्नेटो हवा, बर्फ वितळावयास ह्यूमन टॉर्च हवा. हल्क अवजड ओझी सहज उचलतो. पण यंत्राच्या पटलापुढे बसावयाचे झाले की त्याला शांत होऊन डॉक्टर बॅनर व्हावे लागते. म्हणून त्याच वाटेने दुसऱ्या सोबत्यांसह पुन्हा जावयाचे, आणि जे पूर्वी डोळ्यांसमोर असूनही दिसले नव्हते ते आता पाहावयाचे. आम्हा इंदापूर तालुक्याच्या शेजाऱ्यांस हे समजावून सांगावे लागत नाही. उजनीचे पाणी उतरले म्हणजे पळसदेवच्या जुन्या पळसनाथ मंदिराचे शिखर वर येते. जागा तीच असते. पाहण्याची वेळ मात्र यावी लागते.

आणखी एक गंमत सांगतो. ह्या वीरांच्या कथा ज्यांनी रचिल्या त्यांतील एक प्रमुख लेखक स्टॅन ली (१९२२–२०१८) हे स्वतः प्रत्येक अध्यायात कोठे ना कोठे संकटात सापडलेले असतात आणि त्यांना सोडवावे लागते. ज्या देशात वाल्मीकी आपल्याच रामायणात आणि व्यास आपल्याच भारतात वावरतात, त्या देशातील वाचकास ह्याचे नवल न वाटता आपलेपणाच वाटेल.

एकाच कथेच्या पुनःपुन्हा फेऱ्या करण्यात काय अर्थ, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आमच्या बारामतीतच आहे. पन्हाळ्यास १७२९ साली जन्मलेले मोरोपंत बाबूजी नाईकांच्या आश्रयाने कऱ्हेकाठी बारामतीस राहिले आणि १७९४ साली येथेच निवर्तले. त्यांनी १०८ रामायणे रचिली अशी ख्याती आहे. कथा तीच, राम तोच, रावणही तोच. परंतु पंतांनी ठिकठिकाणी स्वतःला नवे बंधन घालून घेतले. त्यांच्या ‘निरोष्ठ रामायणा’त प, फ, ब, भ, म ही ओठांनी उच्चारावयाची अक्षरेच वर्ज्य आहेत. रामाची कथा सांगावयाची, आणि ‘राम’ हे नाव मात्र घ्यावयाचे नाही! पंडिताच्या हातचा हा एक खेळच होता, आणि १०८ ही त्याची पूर्णता होती.

दोहोंत एक भेद मात्र विसरता कामा नये. मोरोपंतांचे नियम त्यांचे स्वतःचे होते. पडद्यावरील खेळाचे नियम दुसऱ्याने घातलेले आहेत. शंभराचा आकडा खेळ रचणाऱ्यांनी सहज म्हणून ठेवलेला नाही. त्याने माणूस बांधला जातो. कोणती वस्तू कोठे दडली आहे ह्याच्या याद्याही आयत्या मिळतात. यादी पुढे ठेवून एकेक खूण करीत जाणाऱ्याचे शंभर भरतील. परंतु शोधाचा आनंद, जो ह्या खेळाचा प्राण, तो त्याच्या वाट्यास येणार नाही. गाइड घोकून मिळविलेल्या गुणांची जी योग्यता, तीच ह्या शंभरांची.

आमच्या घरी गेल्या उन्हाळ्यात हा प्रश्न प्रत्यक्षच उभा राहिला. नातू बारामतीचा, सुटीला आलेली त्याची आतेबहीण इंदापूरची. हा खेळ दोघांना एका पडद्यावर खेळता येतो, आणि दोघे दोन दिशांस गेली की पडदाही दुभागतो. दुपारची एक घटका नेमून देऊन सारा मे महिना दोघांनी तो मिळून खेळला. शाळा उघडावयास दोन दिवस उरले तेव्हा सोन्याच्या चार विटा राहिल्या होत्या. चिरंजीवांचे मत पडले की, आता हे सारे बंद. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, उद्यापनावाचून व्रत टाकू नये. नातू म्हणाला, “आजोबा, यादी पाहिली तर एका तासाचे काम आहे. ती गेल्यावर मी एकटा करून टाकतो.” नात काहीच बोलली नाही, ती आपल्या पिशवीचे बंद बांधीत राहिली. तिच्या त्या न बोलण्याने प्रश्न खेळाचा उरला नाही. दोघांनी मिळून केलेल्या कामाचा शेवट एकाने गाठावा काय, हा प्रश्न झाला.

मी नातवास एवढेच सांगितले की, खेळ तुमचा दोघांचा आहे, तेव्हा निर्णयही दोघांनी करा. दोघे अर्धा तास माडीवर बसली आणि खाली येऊन त्यांनी सांगितले, “दिवाळीपर्यंत ठेवून देतो.” जूनपासून दिवाळीपर्यंत चार विटा तशाच राहिल्या. भाऊबीजेस लेक माहेरी आली, तिच्याबरोबर नातही आली आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून, यादीवाचून, त्या चार विटा शोधून काढल्या. शंभराचा आकडा उमटला. दुसरे फारसे काही झाले नाही. परंतु इंदापूरच्या त्या मुलीच्या मुद्रेवर जे समाधान होते, ते जूनमध्ये एका तासात मिळविलेल्या शंभरांनी खचित आले नसते.

वडील मंडळींनी ह्यावरून हा गेम मुलांना आणून द्यावा अथवा देऊ नये, असा निर्णय मी सांगत नाही. ज्या त्या घराची घडी निराळी असते. मूल पूर्णतेच्या मागे लागले असता दोन प्रश्न त्याला अवश्य विचारावे: हे तू शोधून पुरे करतोस की मोजून? आणि थांबावे लागले, तर चार महिने थांबू शकशील काय? ज्याला थांबता येते त्याच्या हाती खेळ असतो. ज्याला येत नाही तो खेळाच्या हाती असतो. पहिल्या प्रकारच्या मुलाने हाती घेतलेला खेळ पुरा केला तर करू द्यावा. तडीस नेण्याची गोडी एकदा लागली म्हणजे ती पुढे वहीच्या पाचव्या पानावरही उतरते, असा आम्हा मास्तरांचा अनुभव आहे.