सहलीचा वेग कोणीं ठरवावा?

श्रावण लागला, कीं शाळाशाळांतून वनविहाराच्या गोष्टी सुरू होतात. खानदेश हा कोरड्या हवेचा प्रांत. वैशाखांत अंगाची लाही लाही झाल्यावर डोंगरावरून कोसळणाऱ्या पाण्याचें आपणांस अप्रूप वाटावें, हें स्वाभाविकच आहे. नशिराबादच्या मुलांस तर त्यासाठीं परमुलखांत जावयास नको. भुसावळकडे जातांना साकेगांवापाशीं जिचा पूल आपण ओलांडतों, ती वाघूर नदी अजिंठ्याच्या डोंगरांतून येते आणि तेथील लेण्यांच्या दरींत सात कुंडांतून पायरीपायरीनें खालीं उतरते. सातकुंडाचा धबधबा तो हाच. जळगांवाहून पहूर, फर्दापूर या मार्गानें तीं लेणीं सुमारें ६० किलोमीटर आहेत. पहांटे निघालें, तर दिवसभर रानांत हिंडून रात्रीं घरीं परततां येतें.

अशा सहलींविषयीं मला एकच गोष्ट आग्रहानें सांगावयाची आहे. रानवाटेनें धबधब्याकडे जाणाऱ्या मंडळीचा वेग तिच्यांतील सर्वांत मागच्या गड्याच्या पायांनीं ठरावा, सर्वांत चपळ गड्याच्या पायांनीं नव्हे. हें मत मीं पुस्तकांतून घेतलेलें नाहीं. स्वतःच्या चुकींतून तें मला मिळालेलें आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं तीस मुलांस घेऊन मी त्या डोंगरांत गेलों होतों. पठाराच्या कडेवरून पाहिलें, कीं समोर घोड्याच्या नालेसारखा वळलेला कडा, त्यांत ओळीनें कोरलेलीं सुमारें तीस लेणीं, आणि दरीच्या तळाशीं वळसा घेणारी वाघूर, असा देखावा एकाच दृष्टिक्षेपांत सांपडतो. तेथून पायवाट खालीं उतरते. पाण्याचा घोष कानीं पडतांच मुलें धांवत सुटलीं. आणि सांगावयास लाज वाटते, पण त्यांच्यापुढें मीच धांवत होतों. खालीं पोंचल्यावर मोजणी केली, तों एक मुलगा कमी! पाऊण तासानें तो वाटेवरच्या एका सागाखालीं बसलेला आढळला. जोड्याचा तळ सुटला होता आणि पाऊल सोललें होतें. तो इतकेंच म्हणाला, “सर, मीं पुष्कळ हांका मारल्या, पण कोणीं मागें वळून पाहिलेंच नाहीं.” त्या दिवशीं पाऊस नव्हता, म्हणून निभावलें. त्याच्या त्या एका वाक्यानें माझी धबधब्याची सारी हौस मात्र जागच्या जागीं विरून गेली.

यावर कोणी म्हणतील, “एवढ्या तेवढ्यानें काय होतें? मुलांनीं धांवावयाचें नाहीं, तर कोणीं?” त्यांनीं त्या कड्याचा स्वभाव ध्यानीं घ्यावा. आपला हा काळा पाषाण सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थरांवर थर निवून झालेला आहे. अशा कातळांत पावसाचें पाणी फारसें मुरत नाहीं. पठारावर पडलेली सर ओहळांवाटे थेट दरीकडे धांवते. म्हणून वर ढगफुटी झाली असतां खालीं ऊन पडलेलें असूं शकतें, आणि तरीहि कुंडाचें पाणी पाहतां पाहतां चढतें. पाणी गढूळ होऊं लागलें, पालापाचोळा वाहून येऊं लागला, घोष वाढला, म्हणजे क्षणाचाहि विलंब न लावतां उंच जागीं गेलें पाहिजे. अशा वेळीं ज्या मंडळीस आपले गडी कोठें आहेत हेंच ठाऊक नाहीं, ती कोणास हांक मारणार, आणि कोणाची वाट पाहणार?

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. ‘जे दुबळे आहेत त्यांनीं घरीं राहावें, एकाच्या पायीं एकोणतिसांचा विरस कां व्हावा?’ असें कित्येक पालकहि म्हणतात. यास माझें उत्तर असें, कीं जो त्या दिवशीं मागें राहिला, तो आमच्यांतील दुबळा मुलगा नव्हताच. धांवण्याच्या शर्यतींत तो नेहमीं पुढें असे. रानांत दुबळेपण कोणाच्या वाट्यास केव्हां येईल, याचा नेम नसतो. एका खिळ्यानें, एका कांट्यानें, किंवा एका निसरड्या दगडानें पहिला गडी शेवटचा होतो. तेव्हां मागच्यासाठीं थांबण्याचा नियम हा दुसऱ्यावर केलेला उपकार नसून आपण सर्वांनीं स्वतःसाठींच करून ठेवलेली तरतूद होय.

आणि सावकाश चालण्यानें विरस होतो, हें तरी कोणीं सांगितलें? जो धांवतो त्यास पाणी तेवढें दिसतें. जो थांबत थांबत जातो त्यास पळसाचीं पानें, सालईची कागदासारखी सुटणारी साल आणि ओल्या मातींत उमटलेलीं पावलेंहि दिसतात. ज्या भिक्षूंसाठीं हीं लेणीं इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकापासून कोरलीं गेलीं, ते पावसाळ्यांत प्रवास थांबवून एकत्र वास करीत. विहाराचा आकार पाहा: मध्यें सर्वांचें एक दालन आणि भोंवतीं एकेकाची खोली. सर्वांनीं मिळून राहण्यासाठींच ती रचना आहे. याच्या उलट, २८ एप्रिल १८१९ रोजीं शिकारीस आलेला जॉन स्मिथ नांवाचा इंग्रज अधिकारी दहाव्या लेण्यांत शिरला आणि तेथील चित्रावर आपलें नांव व तारीख कोरून गेला. आपण येथें पोंचलों, हें जगास कळविण्याची ती घाई होती. आज आपण भिंतीवर नांव कोरीत नाहीं. पण कड्याच्या टोंकावर उभे राहून मोबाइलनें स्वतःचें छायाचित्र घेण्याची धडपड याहून फार निराळी आहे काय?

म्हणून सहलीस निघणाऱ्या प्रत्येक मंडळीनें चार नियम पाळावे, अशी माझी सूचना आहे. पुढें एक जाणता असावा. पण सर्वांत अनुभवी मनुष्यानें सर्वांच्या मागें चालावें. प्रत्येक फांट्यावर थांबून मोजणी करावी, आणि ती पुरी झाल्यावांचून पाऊल पुढें टाकूं नये. परतण्याची वेळ आधींच ठरवावी. ती झाली, कीं धबधबा शंभर पावलांवर राहिला असला तरी मागें फिरावें. आणि जेथवर जाण्याची मुभा आहे, तेथूनच पाणी पाहावें. भर पावसाळ्यांत कुंडांत उतरण्याचें साहस कोणींहि करूं नये.

धबधबा न पाहतां परत आल्यास कांहीं बिघडत नाहीं. तें पाणी धरणांत थांबत, शेतें भिजवीत, जळगांवची तहान भागवीत शेवटीं आपल्याच शिवेजवळून तापीकडे जातें. तें आपणांस पुन्हां भेटेल. पण रानांत मागें टाकलेल्या सोबत्याची हांक एकदां कानाआड केली, तर ती जन्मभर ऐकूं येत राहते. विद्यार्थिमित्रहो, पुढील श्रावणांत तुम्ही सातकुंडास जाल तेव्हां पाण्याकडे पाहण्यापूर्वीं एकदां मागें वळून पाहा. आणि शेवटचा गडी येऊन पोंचला, म्हणजेच आपण सर्व पोंचलों, असें समजा.