टक्के किती, तें मागाहून. दार कोणतें, तें आधीं

दहावीचा निकाल लागला कीं गांवोगांव एकच प्रश्न ऐकूं येतो, “किती टक्के पडले?” कागद कोणत्या मंडळाचा, विषय कोणते, आणि त्यावर पुढें शिरकाव कोठें मिळणार, हें कोणी विचारीत नाहीं. आमच्या शेतकरी, सुतार, लोहार, कुंभार बंधूंचें नुकसान होतें तें येथेंच.

प्रथम एक घोटाळा दूर करूं. शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे परीक्षा उतरल्याचें प्रमाणपत्र नव्हे. दाखला शाळा देते. त्यांत जन्मतारीख व जात असते, आणि पुढें जातीच्या दाखल्याला तोच पुरावा लागतो. म्हणून त्यांतील नोंद घरीं नेण्यापूर्वीं वाचून घ्यावी. प्रमाणपत्र परीक्षा मंडळ देतें, व पुढील प्रवेश ठरतो तो त्यावर.

दोन परीक्षांची तुलना हा आमच्या समाजाला नवा विषय नव्हे. मुंबई इलाख्यांत मराठी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल उतरलेला मुलगा प्राथमिक शाळेचा मास्तर किंवा तलाठी होऊं शके. कॉलेजचें दार मात्र त्याला बंद. तें मॅट्रिकला उघडें, कारण मॅट्रिक युनिव्हर्सिटीची व इंग्रजीची. सात वर्षें घासलेल्या कुणब्याच्या पोराला इंग्रजी शाळेंत पुन्हा लहान पोरांच्या ओळींत बसावें लागे. हें अंतर बुद्धीचें नव्हतें. इंग्रजी शाळा शहरांत व तालुक्याच्या गांवीं, आणि तेथें राहण्याचा खर्च ज्याच्या त्याच्या कमरेला झेपेल तेवढाच! जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें खासगी अभ्यास करणारांस वरच्या परीक्षांना बसूं द्यावें अशी मागणी केली, ती अशाच मुलांकरितां होती. १९४९ सालीं मॅट्रिकच्या जागीं एस. एस. सी. आली, आणि १९७५ च्या सुमारास अकरावीची ती परीक्षा दहावीला आली.

आज राज्य मंडळ, सी. बी. एस. ई., आय. सी. एस. ई. व मुक्त विद्यालय, यांपैकीं कोणाचीही दहावी अकरावीच्या प्रवेशाला दहावीच. पण टक्के एका मापाचे नाहींत. पायली निराळी असतां धान्याच्या राशी कशा तोलाव्या? सरकारनें २००८ सालीं पर्सेंटाइलची रीत काढली, २००९ सालीं राज्य मंडळाच्या मुलांस शेंकडा ९० जागा राखल्या, २०१० सालीं सहापैकीं उत्तम पांच विषयांचे गुण धरावयाचें ठरविलें. मुंबईच्या हायकोर्टानें तिन्ही रद्द केलीं. तिसरें तेवढें सुप्रीम कोर्टांत टिकलें. तीन वर्षें मोठमोठे वकील भांडले तें मुख्यतः शहरांतील नामांकित कॉलेजांच्या जागांसाठीं. आमच्या खेड्यांतल्या मुलाचा प्रश्न त्या भांडणांत कोठेंच नव्हता!

त्याचा प्रश्न असा. दहावीनंतर एकानें दोन वर्षांचा आय. टी. आय. चा इलेक्ट्रिशियनचा धंदा पुरा केला. दुसऱ्यानें बारावी कला शाखेंत ऐंशी टक्के मिळविले. गांवांत मान दुसऱ्याला. पहिल्याला लोक ‘शिक्षणांत चाललें नाहीं’ म्हणतात. परंतु पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षांत थेट प्रवेश मागतां येतो तो पहिल्यालाच. दुसऱ्याला तें दार नाहीं. त्याला पहिल्या वर्षापासून, तेंही दहावीच्या गुणांवर, सुरुवात करावी लागेल. उलट बी. ए. ला जावयाचें तर बारावीच पाहिजे. तीही आय. टी. आय. वाल्याला भाषा वगैरे विषय देऊन मुक्त विद्यालयामार्फत मिळवितां येते. हातोडा धरणाऱ्याचें शिक्षण हलकें, ही समजूत ज्यांनीं कधीं हातोडा धरला नाहीं त्यांनीं पसरविली आहे. आपण ती आपल्याच पोरांवर कां लादावी?

शाळा सुटलेल्यांसाठींही वाट आहे. सतरा नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाच्या दहावी-बारावीला बाहेरून बसतां येतें. लग्न झालेल्या मुलींनीं व शेतीवर राबणाऱ्या पोरांनीं तिचा फायदा घ्यावा.

फीचे पैसे मोजण्यापूर्वीं बापानें वा आईनें कॉलेजांत उभें राहून विचारावें: हें प्रमाणपत्र कोण देणार, तें कोठें कोठें मान्य आहे, आणि त्यावर पुढें कोणत्या वर्षाला प्रवेश? उत्तर लेखी मागावें. अंगठा उठविणाऱ्यालाही हा अधिकार आहे. आणि माध्यमिक शाळांना आमचें सांगणें इतकेंच कीं, पहिल्या तीन मुलांचे फोटो ज्या फलकावर लावतां, त्याच्या शेजारीं ३५ टक्केवाल्यालाही दहावीवर कोणकोणतीं दारें उघडीं आहेत तें मोठ्या अक्षरांत लिहा. येत्या निकालाच्या आधीं हें व्हावें.