ढोल हिरावले, ताल उरला

दक्षिण कॅरोलायनात १७३९ साली स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला. ढोल वाजवत, माणसे जोडत ते निघाले होते. उठाव चिरडला गेला आणि पुढच्याच वर्षी वसाहतीने कायदा करून त्यांच्या ढोलांवर बंदी घातली. पण ताल जप्त करता येत नाही. तो टाळ्यांत शिरला, मांडीवरच्या थापेत शिरला, पायांच्या ठेक्यात शिरला. तिकडे न्यू ऑर्लिन्सच्या काँगो चौकात रविवारी गुलाम जमत, तेव्हा ढोलही घुमत. अशा सगळ्या वाटांनी पुढे ब्लूज आला, जाझ आला, रॉक अँड रोल आला. अमेरिकेतल्या गोऱ्या खेडुतांचे म्हणून ओळखले जाणारे बँजो तर पश्चिम आफ्रिकेतल्या भोपळ्याच्या तंतुवाद्यांचे वंशज. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतातून आफ्रिका वजा केली, तर फारसे काही उरत नाही.

हे सारे घेतले गेले. देणाऱ्याचे नाव मात्र गाळले गेले. ‘हाउंड डॉग’ हे गाणे बिग मामा थॉर्नटन या काळ्या गायिकेसाठी लिहिलेले. तिने ते १९५२ मध्ये गायले. चार वर्षांनी एल्विस प्रेस्लीने गायले आणि जगाला ते त्याचेच वाटले. पिकासोने १९०७ साली पॅरिसच्या त्रोकादेरो संग्रहालयात आफ्रिकी मुखवटे पाहिले आणि त्याची चित्रकला पालटली. ते मुखवटे कोरणारे हात कोणाचे, हे कलेचा इतिहास सांगत नाही. हा अन्याय आहे, आणि तो अजून संपलेला नाही.

विचारांचे ऋण मात्र आपल्याकडे उघडपणे मानले गेले. शोषिताला स्वतःकडे सतत तुच्छतेने पाहणाऱ्याच्या डोळ्यांनी बघावे लागते, हे दुखणे अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांनी १९०३ मध्येच मांडले होते. त्यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले. त्याआधी, १८७३ मध्ये, जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. आणि १९७२ साली मुंबईतल्या तरुणांनी ‘दलित पँथर’ उभी केली, तेव्हा अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर चळवळीचे नाव उघडपणे घेतले. ऋण असे सांगायचे असते.

यंदाचा दिवाळी अंक आम्ही कृष्णवर्णीय कलावंतांना आणि विचारवंतांना वाहिला आहे. फराळासोबत तो घरातल्या मुलांच्याही हाती द्या. त्यांच्या आवडीचे गाणे लावले, तर मूळ कोणी गायले तेही त्यांना सांगा.