रातांब्याचा वायां जाणारा रंग

वैशाख अर्धा सरला कीं मालवण, कुडाळ, वेंगुर्लें ह्या बाजूच्या घराघरांत रातांब्याची एकच धांदल उडते. वळीव केव्हां कोसळेल याचा नेम नसतो, आणि त्याचें पाणी पिकलेल्या फळांवर पडलें कीं तीं गळून कुजूं लागतात. म्हणून मिळेल तेवढ्या उन्हांत फळें फोडावयाचीं, सालींचीं आमसुलें घालावयाचीं, कांहीं साली साखरेंत मुरवून सरबत करावयाचें, आणि बिया तेलासाठीं वाळवावयाच्या. २०१६ सालीं सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमास भौगोलिक मानांकन मिळालें, आणि ह्या फळाचें नांव दूरवर गेलें. परंतु त्यांतील एक ऐवज अजून पुरता पदरांत पडत नाहीं. तो म्हणजे त्याचा रंग.

सालींवर साखर घालून ठेविली म्हणजे ती त्यांतील रस ओढून घेते. तो पाक गाळून घेतल्यावर उरलेला चोथा पुष्कळदां परसांतल्या खतांत जातो. तोच चोथा पाण्यांत चोळून पाहिला तर पाणी पुनः तांबडें होतें. फळें फोडतांना सांडणारा रस आणि बिया धुतलेलें पाणी यांतहि तोच रंग असतो.

हा रंग अँथोसायनिन नांवाच्या कुळांतला. जांभळाचा व काळ्या द्राक्षांचा रंगहि ह्याच कुळांतला. तो पाण्यांत सहज उतरत असल्यामुळें काढण्याची रीत मुळांत अवघड नाहीं. किंचित् आंबट केलेल्या पाण्यांत चोथा भिजवावा, तें पाणी गाळावें, आणि हवेचा दाब कमी केलेल्या भांड्यांत मंद उष्णतेवर आटवावें. लोखंडाचें किंवा ॲल्युमिनियमचें भांडें वापरूं नये. कारखान्यांत ह्या आटीव अर्कांत पिष्टापासून केलेलें माल्टोडेक्स्ट्रिन मिसळून, तो गरम हवेंत फवारून, त्याची भुकटी करितात. इटलींत मद्य काढून उरलेल्या द्राक्षांच्या सालींपासून खाण्याचा रंग एकोणिसाव्या शतकापासून काढीत आले आहेत. तेव्हां ही कल्पना नवी नव्हे. हापूसच्या सालींतला पिवळा रंग मात्र निराळ्या जातीचा. तो पाण्यांत न उतरतां तेलातुपांत उतरतो, म्हणून त्याची रीतहि निराळी.

मग अडतें कोठें? हा रंग नाजूक आहे. आंबट पदार्थांत तो तांबडा राहतो. आंबटपणा उणावला कीं जांभळ्याकडे झुकतो. सोलकढींत नारळाचा रस पडतांच कोकमाच्या गर्द तांबड्याचा जांभळट गुलाबी होतो, हें आमच्या वाचकभगिनी नेहमीं पाहतात. ऊन, उष्णता व हवा यांनीं तो विटतो, आणि बाटलींत कांहीं महिने राहिला तर तपकिरी होतो. उलटपक्षीं, १८५६ सालीं पर्किन ह्या अठरा वर्षांच्या इंग्रज तरुणानें दगडी कोळशाच्या डांबरांतील द्रव्यापासून जो कृत्रिम रंग काढला, त्याच्या मागून आलेले रंग स्वस्त, चिमूटभर पुरणारे आणि पुष्कळ अधिक टिकाऊ आहेत. आपल्या देशाच्या कायद्यानें असले मोजके ८ रंगच खाण्यास चालतात, आणि तेहि ठराविक पदार्थांत व ठराविक प्रमाणांत. अमेरिकेनें २०२५ च्या जानेवारींत एरिथ्रोसिन ह्या तांबड्या रंगास खाद्यपदार्थांत मनाई केली, आणि कारखान्यांस त्यासाठीं २०२७ पर्यंत मुदत दिली.

घरीं करून पाहण्यासारखी एक परीक्षा सांगतों. चमचाभर सरबतांत थोडें पाणी घालून खाण्याचा सोडा चिमटीचिमटीनें टाकावा. फसफसणें थांबल्यावर फळाचा रंग निळसर, हिरवट किंवा मळकट झालेला दिसतो. कृत्रिम तांबडा बहुधा तांबडाच राहतो. दोन्ही रंग मिसळलेले असतील तर मात्र ही परीक्षा पुरी पडत नाहीं.

आमचें म्हणणें असें कीं, ह्या उद्योगाची मोठी अडचण गिऱ्हाइकाच्या नजरेंत आहे. वाढदिवसाच्या केकावरचा गुलाब भडक हवा, जिलबी केशराहून केशरी हवी, सरबताची बाटली दिवाळींतहि मे महिन्यासारखीच तांबडी हवी, असा हट्ट आपणच दुकानांत धरतों. मग खपून शुद्ध सरबत करणाऱ्या एखाद्या बचतगटाच्या बाटल्या तपकिरी झाल्या म्हणून परत येतात. पुढल्या वर्षीं त्या बायांनीं सरबत करणें सोडलें, किंवा कोणीं सांगितलेली रंगाची पुडी त्यांत टाकली, तर दोष एकट्या त्यांचाच म्हणतां येईल काय?

वाचकांनीं इतकें तरी करावें. सरबत घेतांना तें केव्हां केलेलें आहे हें विचारावें, घरीं तें उन्हापासून दूर, थंड जागीं ठेवावें, आणि चव व वास चांगला असतां केवळ रंग उतरला म्हणून परत करूं नये. घरीं सरबत करणारांनीं चोथा टाकण्यापूर्वीं तो लिंबू पिळलेल्या पाण्यांत घटकाभर भिजवावा, आणि तें पाणी त्याच दिवशीं बर्फाच्या गोळ्यास किंवा शिकरणीशेजारच्या फळांच्या फोडींस वापरून पाहावें. असा सौम्य रंग घरांत रुळला, त्यास गिऱ्हाईक उभें राहिलें, तर कुडाळ-मालवणाकडे रंग काढण्याचीं यंत्रें आणण्यास कोणास तरी धीर येईल. आणि आज खतांत जाणाऱ्या चोथ्याचेहि चार पैसे तेथील बायांच्या हातीं पडतील.