खोड रक्तातली की सवयीची?

पिंजऱ्यात जन्मलेले सापाचे पिल्लू आईसारखेच तापट निघाले, तिच्यासारखेच खाणे नाकारू लागले, तर “रक्तातच आहे” असे आपण चटकन म्हणतो. परंतु थांबा! आई आणि पिल्लू यांचा पिंजरा एक, अन्न एक, सांभाळणारा हातही एकच. मग हे साम्य रक्ताचे की पिंजऱ्याचे, हे ठरवायचे कसे?

अमेरिकेतील स्टीव्हन आर्नोल्ड या शास्त्रज्ञाने याची युक्ती शोधली. कॅलिफोर्नियात गार्टर साप आढळतात. दमट किनाऱ्यावरील साप कवच नसलेल्या गोगलगाई खातात. आतल्या कोरड्या भागात त्या नसतात. तेथे त्याच जातीचे साप मासे व बेडूक खातात. आर्नोल्डने दोन्हीकडील गाभण माद्या आणल्या. हे साप अंडी घालीत नाहीत, पिल्लांनाच जन्म देतात. प्रत्येक पिल्लू त्याने जन्मताच वेगळे ठेवले आणि गोगलगाईचा तुकडा पुढे केला. किनाऱ्याकडील बहुतेक पिल्लांनी तो खाल्ला. आतल्या भागातील बहुतेकांनी त्याला तोंडही लावले नाही. शिकवायला कोणीच नव्हते. म्हणजे आवडीतला हा फरक उपजतच होता. १९७७ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले.

स्वभावाचे काय? १९८४ साली आर्नोल्ड व बेनेट यांनी नवजात गार्टर सापांना डिवचून पाहिले. काही पिल्ले चावायला धावली, काहींनी वेटोळे करून डोके लपविले. एकाच आईच्या पिल्लांत साम्य दिसले. म्हणजे स्वभावातही आनुवंशिकतेचा वाटा आहे. पण वाटाच! सापाचे अंग थंड पडले तरी त्याचे वागणे बदलते. वारंवार हाताळण्यानेही बदलू शकते.

म्हणून माझे मत असे: साप वंशाने काही घेऊन येतो हे खरे, परंतु एखाद्या सापाचा तापटपणा वंशाचा आहे असे पिल्लू वेगळे वाढविल्यावाचून म्हणू नये. सांभाळणाऱ्याची चूक वंशाच्या माथी मारणे सोपे असते.

हा प्रयोग तुम्ही मात्र करू नका. आपल्याकडे साप पकडून पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. पण वर्गात कोणी “याचे घराणेच तसले!” म्हणाले, तर एवढे जरूर विचारा: “वेगळे वाढवून पाहिले होते काय?”