जागल्या बदलून चोर सांपडत नाहीं

वऱ्हाडांतील ज्या कास्तकारांच्या दारीं पेट्रोलची मोटार आहे, त्यांची एक तक्रार वारंवार कानीं येते. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढतांना, किंवा वैशाखांत अकोल्याचें ऊन ४५ अंशांच्या घरांत गेलें असतां, भरल्या गाडीच्या इंजिनांत डब्यांत खडे हलविल्यासारखी खटखट सुरू होते. गाडी ओढ घेत नाहीं. पुढें दिवा लागतो. कारागीर आपलें यंत्र जोडतो, ‘पी ०३२५’ हा आंकडा वाचतो आणि ‘नॉक सेन्सर गेला, बदला’ असा निकाल देतो. या निकालास आमची हरकत आहे.

सिलिंडरांत दाबलेलें मिश्रण ठिणगीपासून क्रमाक्रमानें पेटत जावें, असा नियम आहे. उष्णता वा दाब फार वाढला, अथवा ठिणगी वाजवीपेक्षां लवकर पडली, म्हणजे ज्वाला पोंचण्यापूर्वींच उरलेलें मिश्रण आपोआप भडकतें व त्याचा घाव पिस्टनवर बसतो. १९२१ सालीं अमेरिकेंत थॉमस मिजली यानें शिशाच्या द्रव्यानें हा दोष आवरला. तें शिसें विषारी ठरून आपल्या देशांत २००० सालीं पेट्रोलमधून गेलें. नव्या मोटारींत इंजिनाच्या ठोकळ्यावर सेन्सर पहारा करतो. त्यांतील स्फटिक कंपनांपासून सूक्ष्म वीज उत्पन्न करतो, व ती पाहून गाडीचा संगणक ठिणगी थोडी उशिरां पाडतो.

म्हणजे सेन्सर हा गांवचा जागल्या होय. वरील आंकडा इतकेंच सांगतो कीं, त्याची आरोळी चावडीपर्यंत नीट पोंचत नाहीं. जागल्या मेला, कीं वाट तुटली, हें त्यांत लिहिलेलें नसतें. आरोळी ऐकूं येईनाशी झाली म्हणजे संगणक भीतीनें ठिणगी मागें ओढून ठेवतो. ओढ कमी होते व पेट्रोल अधिक जळतें, तें यामुळें. आमचें आयुष्य मुलकी दप्तरांत गेलें. फेरफाराची नोंद चुकली कीं नवी वही मागविणारे तेथेंही होते!

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं सोयाबीनच्या पैशांतून दोनदां सेन्सर बदलला. दोष निघाला उंदरानें कुरतडलेल्या तारेंत. धान्याच्या पोत्यांलगत मोटार उभी करणाऱ्यांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें. तार व जोड आधीं पाहावेत. जोडांत पाणी वा गंज आहे काय तें पाहावें. सेन्सरखालीं स्वच्छ धातूच हवा, वायसर किंवा रंग नको. आणि त्याचा बोल्ट कंपनीनें सांगितल्या जोरानेंच आवळावा. पुष्कळ बनावटींत हा जोर २० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. हाताच्या अंदाजानें आवळल्यास सेन्सर बहिरा तरी होतो किंवा उगाच ओरडतो. मीटरनें रोध मोजावा, पण कंपनीच्या आंकड्याशीं ताडून. कांहीं चांगल्या सेन्सरांचाही रोध अतोनात दिसतो.

तार व सेन्सर ठीक असून खटखट राहिली, तर चोर दुसरीकडे आहे. पाण्याची पातळी, पंखा, पिस्टनवरील काजळी, चुकीच्या जातीचा प्लग, दांता सरकलेली टायमिंगची साखळी, आणि रॉकेल मिसळलेलें पेट्रोल, हे संशयित. इथेनॉलवर खापर फोडण्याची हल्लीं चाल पडली आहे. वस्तुतः त्याचा ऑक्टेन पेट्रोलहून अधिक, म्हणून तें खटखट वाढवीत नाहीं. मात्र त्यांत शक्ति कमी असल्यानें दर लिटरामागें अंतर थोडें घटतें, ही तक्रार खरी आहे. जुन्या कार्बुरेटरच्या गाडींत मिश्रण पातळ होऊन त्रास होऊं शकतो, ती गोष्ट वेगळी. ट्रॅक्टरवाल्यांनीं यांतील कांहीं आपल्या यंत्रास लावूं नये; डीझेलांत ठिणगीच नाहीं, तेथें पंपाची वेळ व नोझल पाहावें लागतें.

या तपासणीस वेळ लागतो, व तिची मजुरी कारागिरास अवश्य द्यावी. परंतु सेन्सर बदलण्यापूर्वीं काय मोजलें व किती आलें, हें त्याच्याकडून बिलावर लिहून घ्यावें, आणि काढलेला जुना सेन्सर मागून घरीं आणावा.