गाठ निघाली, आता दातांकडे बघा

ज्यांच्या मुलामुलीच्या जबड्यातली गाठ नुकतीच काढली आहे, त्या आईबाबांनी याच आठवड्यात मुलांच्या दंतवैद्याकडे नंबर लावावा. टाके निघाले, पोर पुन्हा भाकरी चावायला लागलं की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि फाइल कपाटात जाते. दातांचं काम मात्र तिथून पुढे सुरू व्हायचं असतं.

सहा ते बारा या वयात दुधाच्या दातांखाली कायमचे दात घडत असतात. वाढती गाठ त्यांना बाजूला रेटते. उपदाढ कधी कधी थेट खालच्या जबड्याच्या कडेला जाऊन बसते. एक्स-रे बघून वाटतं, हा दात गेलाच. पण गाठ साधी सिस्ट, म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी असेल, डॉक्टरांनी तिला खिडकी पाडून ती रिकामी केली असेल आणि दाताचं मूळ अजून पुरतं बनलेलं नसेल, तर हाड भरत जातं तसा तोच दात पुष्कळदा काही महिन्यांत आपला आपण वर सरकतो. मूळ पूर्ण झालं की हा जोर ओसरतो. मग हिरडी उघडायची, दाताला बटण चिकटवायचं आणि बारीक साखळीने त्याला ओढून आणायचं, असा लांबचा रस्ता उरतो. म्हणून ‘थोडा मोठा झाला की बघू’ हे इथे चालत नाही.

खिडकी उघडी राहावी म्हणून बसवलेलं बूच निघालं, तर त्याच दिवशी दवाखान्यात फोन करा. ते भोक भराभर मिटतं. सिरिंजने सलाइन मारून ते रोज धुताना मूल कुरकुरेल. तरी एकही दिवस चुकवू नका.

दात काढावाच लागला असेल, तर शेजारचे दात रिकाम्या जागेत कलतात. जागा राखणारी तार किंवा दात लावलेली प्लेट वेळेत बसवून घ्या, आणि मूल वाढेल तशी ती बदलून घ्या. इम्प्लांटची घाई मात्र नको, कुणी कितीही गळ घातली तरी. जबडा वाढत राहतो, इम्प्लांट होतं तिथेच राहतं.

घरी एक तपासणी सहज होते. एका बाजूचा दात येऊन सहा महिने झाले आणि दुसऱ्या बाजूच्या जोडीदाराचा पत्ता नाही, तर एक्स-रे काढायलाच हवा. अमेलोब्लास्टोमासारखी गाठ काही वर्षांनी न दुखता परत उलटू शकते. तेव्हा डॉक्टर सांगतील त्या तारखेचा ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, चुकवू नये. दात आणि गाठ दोन्ही त्यातच दिसतात.

सर्जन मंडळींनाही विनंती: डिस्चार्ज कार्डावर दंतवैद्याच्या तपासणीची तारीख लिहाच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांनी शाळेत किडके दात मोजताना ‘जबड्याचं ऑपरेशन झालंय का?’ एवढंही विचारावं.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत बालदंत विभाग आणि तारा लावणारा विभाग एकाच आवारात आहेत. ऑपरेशनचे कागद, बायोप्सीचा रिपोर्ट आणि आधीचे-नंतरचे सगळे एक्स-रे पिशवीत घाला आणि मुलाला घेऊन जा. परीक्षा संपायची वाट पाहू नका.